अभय : अंतरंगातील संग्रामाची आघाडी
पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव (११ सप्टेंबर १८९५). १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, त्यांनी गीतेच्या १८ अध्यायांवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे २६ गुण सांगितले आहेत. त्यांत पहिले स्थान अभयाला, तर शेवटचे नातिमानितेला, म्हणजेच नम्रतेला आहे. हा क्रम विनोबांनी सैन्यरचनेसारखा उलगडला. सद्‌वृत्ती आणि दुष्प्रवृत्ती यांचा संग्राम माणसाच्या अंतःकरणात चालतो. त्यात अभय आघाडी सांभाळते आणि नम्रता पिछाडी. भ्यालेले मन सत्याला धरून राहू शकत नाही, म्हणून अभय प्रथम. मात्र निर्भयतेचा अहंकार जडला, तर मिळविलेले सारे गुण मागच्या दाराने निसटतात, म्हणून नम्रता अखेरीस.

हे ऐकणारे स्वतः बंदिवान होते. त्यांच्यासाठी अभय हा केवळ पोथीतला शब्द नव्हता, तो रोजच्या जगण्याचा प्रश्न होता.