राज्य कुणावर?

पोलादपूरच्या एसटी स्थानकात दोन पोरं मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळत होती. पडद्यावरचे गडी सगळे तरणेबांड. मी विचारलं, यात एखादा म्हातारा का नसतो रे? “काका, म्हातारा घेऊन कोण खेळणार? पळतापण येणार नाही त्याला.”

पोरांचं सोडा, जाणती माणसंही हेच म्हणतात. त्यांचा पूर्वपक्ष असा: खेळ म्हणजे ताकदीचं स्वप्न, गुडघे धरून बसलेल्यालाही खेळात धावायचंच असतं. वृद्ध, अपंग पात्रं हे पाश्चात्त्य खूळ, त्याने खेळाची गती मरते.

स्वप्नाचा भाग मला मान्य. अंथरुणाला खिळलेल्याने पडद्यावर दौड मारली तर त्याला अडवणारे आपण कोण? पण बाकीचं टिकत नाही.

‘पाश्चात्त्य’ म्हणणाऱ्याने त्याच स्थानकातून उमरठ गाठावं. तिथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, शेलारमामांचीही आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर किल्लेदार उदेभानाला मामांनी लोळवलं आणि तेव्हा त्यांचं वय ऐंशी होतं, असं पोवाड्यांची परंपरा सांगते. वयाची शहानिशा इतिहासकारांनी करावी. सांगणाऱ्यांनी ते वय लपवलं नाही, उलट मिरवलं, एवढं मला पुरे. त्याच कथेत तानाजींची ढाल तुटते, ते डाव्या हाताला शेला गुंडाळून त्यावर वार झेलतात. ढाल गेली की लढाईचे नियमच बदलतात, आणि ऐकणारा सरसावून बसतो तो तिथेच.

आता गतीचं. लंगडी आठवा. दोन पायांवरचे पळत असतात आणि एका पायावरचा त्यांच्या मागे लागलेला असतो. दुसरा पाय टेकला की तो बाद. आंधळी कोशिंबिरीत डोळे बांधतात कुणाचे? ज्याच्यावर राज्य आहे त्याचे! पाय किंवा डोळे काढून घेतल्याने हे खेळ मेले नाहीत, त्यामुळेच ते खेळ झाले. बुद्धिबळातून प्याद्याचं एकेक घर चालणं काढा, काय उरतं? (लंगडी खेळल्याने अपंगत्व कळतं, असा माझा दावा नाही. तो निराळा विषय.)

उलट, आज जी पात्रं दाखवून ‘झालं की प्रतिनिधित्व’ म्हणतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे. ‘सेकिरो’ या गेमच्या (२०१९) नायकाला एकच हात आहे, पण दुसऱ्याच्या जागी कुऱ्हाडीपासून फटाक्यांपर्यंत सगळं बसवलेलं. हात गेल्याची अडचण खेळणाऱ्याच्या बोटांना कधी जाणवत नाही. याउलट बेल्जियमच्या ‘टेल ऑफ टेल्स’ स्टुडिओचा ‘द ग्रेव्हयार्ड’ (२००८) घ्या. काठी टेकणारी एक आजी, दफनभूमीतली वाट, टोकाला बाक. जायचं, बसायचं, परत यायचं. फुकटच्या आवृत्तीहून विकतच्या आवृत्तीत फरक एकच: आजी मरू शकते. कंटाळवाणा? थोडा आहेच. पण ती संथ चाल हाच तिथला खेळ आहे, ती गाळून आजी दाखवताच येत नाही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, म्हणजे आपल्याकडे गेम करणारे हात आहेत. त्यांच्यापैकी कुणी कोंढाणा करायला घेतला, तर खेळाडूच्या हाती तानाजी नको, शेलारमामा द्या. दम लवकर लागणारे, कड्यावर दोर धरून मध्येच थांबणारे, ऐंशीचेच.