रक्ताचा वारसा आणि प्याल्याचा दोष

पुण्याहून नगरास जाणाऱ्या सडकेवर, भीमेच्या कांठीं, कोरेगांव आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईमुळें व तेथील जयस्तंभामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. आज त्याच्या आसपास सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगांव येथें कारखाने उभे आहेत. परंतु कोरेगांव घ्या कीं पुण्याची एखादी पेठ घ्या, एक वाक्य दोन्हींकडे सारखेंच ऐकूं येतें. एखाद्या घरीं बाप दारूपायीं गेला आणि पुढें मुलानेंही व्यसनांत सापडून आपल्या हातानें जीवनाचा शेवट केला, म्हणजे लोक म्हणतात, “त्या घराण्याचें रक्तच तसें!” ह्या चार शब्दांनीं त्या घरच्या मुलीची सोयरीक मोडते, आणि धाकट्या मुलाचा स्वतःवरचा विश्वास उडतो. ह्या वाक्यांत सत्य किती व अन्याय किती, हें पाहण्यासारखें आहे.

मागच्या पिढ्यांतील विचारवंतांनीं दोष रक्तास दिला नव्हता. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ सालीं झाला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८८० सालीं, महात्मा जोतीराव फुले यांनीं पुणें म्युनिसिपालिटीस पत्र लिहून शहरांतील दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें पुण्यांतील गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ सालींच, रंगभूमीवर आलें. त्यांतील सुधाकर हा बुद्धिमान वकील. सनद कांहीं काळ रद्द झाल्याच्या अपमानानें व तळीरामाच्या संगतीनें तो पेला उचलतो, आणि अखेरीस आपला अंत आपणच करून घेतो. फुल्यांनीं दुकान दाखविलें. गडकऱ्यांनीं दुखावलेला अभिमान व वाईट संगत दाखविली. तथापि एकाच गुत्त्यावरून जाणाऱ्या अनेकांपैकीं एखादाच कां अडकतो, हा प्रश्न उरलाच.

त्याचें उत्तर शोधण्यास दत्तकाची चाल उपयोगी पडली. दत्तक गेलेल्या मुलाचें गोत्र बदलतें, नांव बदलतें, घर बदलतें. रक्त मात्र बदलत नाहीं. तेव्हां जन्मदात्यांचा दोष त्याच्यांत उतरला, तर तो संगतीचा नव्हे, वारशाचा म्हणावा लागेल. डेन्मार्कमधील दत्तकांच्या नोंदींवरून डोनाल्ड गुडविन व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं अशी तुलना प्रसिद्ध केली. मद्यासक्त मातापित्यांचे, पण लहानपणींच परक्या घरीं वाढलेले ५५ पुत्र त्यांनीं पाहिले. त्यांपैकीं १० मद्यासक्त निघाले. ज्यांच्या जन्मदात्यांस हें व्यसन नव्हतें, अशा ७८ दत्तकांत ते ४ च होते. १९७९ सालीं त्याच देशांतील दुसरें संशोधन पुढें आलें. आत्महत्येनें मरण पावलेल्या दत्तकांच्या २६९ रक्ताच्या नातलगांपैकीं १२ जणांचा अंत तसाच झाला होता. तुलनेसाठीं घेतलेल्या इतर दत्तकांच्या तितक्याच नातलगांत अशीं माणसें दोनच होतीं.

म्हणजे वारसा आहे, ही गोष्ट खरी. मद्यासक्तीच्या बाबतींत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यांतील सुमारें निम्मा वांटा जनुकांचा, असें आज मानतात. मात्र हें काम एका जनुकाचें नव्हे, असंख्य जनुकांच्या लहान लहान वांट्यांचें आहे. कांहीं जनुकें यकृतांत मद्य कसें पचतें हें ठरवितात. कांहींचा संबंध मनाच्या औदासीन्याशीं व उतावळेपणाशीं असतो. व्यसन व आत्मनाश यांचीं कांहीं मुळें अशीं समाईक आहेत. त्यांत मद्याची भर पडली, कीं विवेकाचा लगाम सुटतो आणि क्षणाचा विचार कृतींत उतरतो.

परंतु तेच आंकडे दुसऱ्या बाजूनेंही वाचले पाहिजेत. ५५ पुत्रांपैकीं ४५ जण मद्यासक्त झाले नाहींत. २६९ नातलगांपैकीं २५७ जणांनीं तो मार्ग घेतला नाहीं. रक्त उतार देतें. त्यावरून घसरलेंच पाहिजे असें नाहीं. “रक्तच तसें” ह्या वाक्यांत अर्धें सत्य आहे, आणि उरलेला सारा अन्याय आहे.

कायद्यासही हें उशिरां उमगलें. १८६० च्या दंडसंहितेनें आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याच्या शुश्रूषेचा भार सरकारवर ठेविला. आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम राहिलें नाहीं.

कोरेगांवाहून पुण्यास येणारी तीच सडक येरवड्यावरून जाते. तेथील मनोरुग्णालयाच्या आवारांत १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति-केंद्र सुरू केलें. व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, ह्या भूमिकेवर तें उभें आहे. आणि रुग्णाबरोबर घरच्या माणसांसही तेथें उपचारांत सामील करून घेतात.

मधुमेह घराण्यांत असला तर सुज्ञ कुटुंब तो लपवीत नाहीं. वैद्यास सांगतें व मुलांचें पथ्य लवकर सुरू करतें. येथेंही तोच मार्ग योग्य होय. ज्या घरांत असा वारसा असेल, तेथील तरुणानें पहिलाच पेला नाकारणें शहाणपणाचें. आणि मन खचूं लागलें तर त्यानें घरीं तसें बोलून दाखवावें. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून अहोरात्र चालू आहे. शेजाऱ्यांचें कर्तव्य त्याहूनही सोपें आहे: त्या घरावरून जातांना रक्ताचा उच्चार न करतां, दार वाजवून विचारपूस करावी.