श्रद्धा, शास्त्र आणि बेळगावचे बाबा पदमनजी

मराठीतील पहिल्या कादंबरीची चर्चा निघाली की 'यमुनापर्यटन' हे नाव अभ्यासकांच्या तोंडी येते. इ. स. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे कर्ते बाबा पदमनजी मुळे हे बेळगावचे, ही गोष्ट सीमाभागातील वाचकाने आवर्जून ध्यानी ठेवावी अशी आहे. १८३१ साली बेळगावी एका कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आरंभीचे शिक्षण तेथील लंडन मिशनच्या शाळेत झाले. आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही बेळगावातच. कादंबरीकार, कोशकार आणि निबंधकार म्हणून वाङ्मयेतिहासाने त्यांची नोंद घेतली आहे. परंतु त्यांच्या चरित्रात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. नव्या भौतिक विद्येने एका तरुणाची परंपरागत श्रद्धा ढासळली हे खरे. मग त्याची नवी श्रद्धा त्याच विद्येच्या पायावर उभी राहिली, की आणखी कशाच्या?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्या काळचे बेळगाव डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि लवकरच तेथे लष्करी छावणी आली. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर हे बळ्ळारीहून येथे आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बेनन यांचे नाव बेनन स्मिथ हायस्कूलच्या रूपाने शहरात राहिले आहे. उत्तरेस निपाणीची जहागीर अद्याप जुन्या चालीवर नांदत होती. आप्पा देसाई निपाणीकर यांच्या निधनानंतर, १८३९ च्या सुमारास, तीही संपुष्टात आली. बाजारात मराठी आणि कानडी, छावणीत तमिळ आणि इंग्रजी, अशा चौभाषी वस्तीत मिशनची शाळा चालत होती. त्या शाळेत शुभवर्तमान शिकवले जाई आणि भूगोलही. विद्यार्थ्याच्या मनावर पहिला आघात बहुधा भूगोलाचाच होत असे.

त्या आघाताचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. घरी मुलाने मेरुपर्वत, सप्तसमुद्र, क्षीरसागर आणि ग्रहणकाळी चंद्राला ग्रासणारा राहू ऐकलेला असे. शाळेत त्याच्यापुढे पृथ्वीचा गोल ठेवला जाई आणि ग्रहण ही सावलीची लीला असल्याचे दाखवले जाई. मिशनरी यावरून पुढचे अनुमान काढीत: ज्या ग्रंथांचे पृथ्वीविषयीचे कथन चुकते, त्यांचे मोक्षाविषयीचे कथन तरी कशावरून खरे मानावे? १८४२ साली अहमदनगरात निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्रातही धर्मचर्चा आणि सृष्टिज्ञान यांची अशीच सांगड घातलेली असे.

या अनुमानात एक उणीव होती. ग्रहण छायेमुळे होते हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगितले होते आणि भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'त (११५०) ते सविस्तर आले होते. म्हणजे झगडा हिंदू आणि युरोपीय यांच्यातला नसून पुराण आणि सिद्धांत यांच्यातला होता, आणि तो या देशात पूर्वापार चालत आला होता. सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' या मराठी पुस्तकात हाच धागा पकडून पुराणांतील भूवर्णनाचा परामर्श घेतला. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दिग्दर्शन' मासिकाने १८४० पासून नव्या विद्यांची ओळख करून दिली, ती कोणालाही धर्मांतराकडे नेण्यासाठी नव्हे. भूगोल शिकलेला मनुष्य ख्रिस्ती झालाच पाहिजे, असा काही नियम नव्हता.

बाबांच्या स्वतःच्या आयुष्यातही असेच घडले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. तेथे फ्री चर्चच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या प्रेरणेने चालणारी ही सभा गुप्त होती. एक ईश्वर, मूर्तिपूजेचा त्याग आणि जातिभेदाचा निषेध ही तिची तत्त्वे. बंद दाराआड सर्व जातींच्या सभासदांनी एकत्र बसून पावरोटी खाणे हे तिचे धाडस. नव्या विद्येने बाबांना येथवर आणले होते. येथून पुढे मात्र वाटा फुटल्या. सभेचे बहुतेक सभासद आपापल्या जातीत राहिले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात शिकलेले जोतीराव फुले यांनी त्याच विद्येचे बळ घेऊन शूद्रातिशूद्रांचा आणि स्त्रियांचा प्रश्न उभा केला, पण बाप्तिस्मा घेतला नाही; त्यांचा शोध सार्वजनिक सत्यधर्माकडे गेला. एकाच प्रकारच्या शाळांतून निघालेली ही माणसे तीन निराळ्या ठिकाणी पोचली. विद्येने जुने घर पाडले एवढे खरे. नव्या घराचा नकाशा ज्याचा त्याने काढला.

बाबांचा नकाशा कोणता, हे त्यांच्या 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रातून उमगते. तेथे निर्णायक ठरते ती पापाची जाणीव, क्षमेची ओढ, ख्रिस्ताच्या चरित्राचे आकर्षण आणि मनात एक व जनात एक असे जगण्याचा आलेला वीट. गुप्त सभेत जातिभेद मोडायचा आणि घरी येऊन तो पाळायचा, ही दुहेरी चाल त्यांच्या सचोटीला पटेना. खगोलविद्या या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नव्हती आणि देण्याचा तिचा दावाही नव्हता.

निर्णयाची किंमत जबर होती. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. पण पंक्तीतील पान, सणावारी घरचे बोलावणे आणि नातलगांची माया यांना कोणत्याही कायद्याचे संरक्षण नसते. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज आपल्या उपासक समुदायास 'मंडळी' म्हणतो. ज्याची घरची मंडळी दुरावली त्याला ही दुसरी मंडळी मिळाली, असा त्या शब्दाचा दुहेरी अर्थ पहिल्या पिढीच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. भिन्न जातींतून आणि भिन्न भाषांतून आलेल्यांनी एका प्रभुभोजनाला बसणे ही त्या काळी उपासनेइतकीच सामाजिक परीक्षाही होती.

१८६७ मध्ये पुण्यात बाबांना पाळकाची दीक्षा मिळाली. तथापि त्यांची खरी वेदी लेखणी हीच होती. धर्मांतरापूर्वीच, १८५२ साली, त्यांनी स्त्रियांच्या विद्याभ्यासावर निबंध लिहिला होता. 'यमुनापर्यटन'मध्ये त्यांनी हिंदू विधवांची दुःस्थिती मांडली. १८६० मध्ये 'शब्दरत्नावली' आणि १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या आसपास जाते. धर्म बदलला, पण मायबोली सुटली नाही. ख्रिस्ती झालेला मनुष्य परका झाला, या समजुतीला त्यांच्या ग्रंथांची यादी हेच उत्तर आहे.

इतक्यात मिशनऱ्यांनी उगारलेले हत्यार त्यांच्याकडेच वळू लागले होते. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. तिकडे लायेलच्या भूस्तरशास्त्राने पृथ्वीचे वय अपरंपार वाढवले होते. इंग्रजी बायबलच्या समासात छापलेला सृष्ट्युत्पत्तीचा इसवी सनापूर्वीचा ४००४ हा आकडा त्यापुढे टिकेना. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. १८६२ पासून नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्झो यांनी मोशेच्या ग्रंथांतील आकडेवारीचीच चिकित्सा मांडली. मेरुपर्वताविषयी जो प्रश्न विचारला गेला तोच आता सहा दिवसांच्या सृष्टीविषयी विचारला जाणार, हे उघड होते. तराजू एकच असेल तर दोन्ही पारडी त्यात तोलली पाहिजेत.

ख्रिस्ती परंपरेत याचे उत्तर पूर्वीच सुचवले गेले होते. आकाश, पृथ्वी आणि ग्रहगती यांविषयी शास्त्राच्या नावाने अज्ञानाने बोलणारा ख्रिस्ती मनुष्य आपल्या धर्मग्रंथालाच हास्यास्पद करतो, असा इशारा संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना दिला होता. तो मनावर घेणाऱ्यांना डार्विनमुळे श्रद्धा सोडावी लागली नाही. ज्यांनी आपली श्रद्धा दुसऱ्याच्या भूगोलाच्या चुकीवर उभारली होती, त्यांची मात्र पंचाईत झाली. बाबांच्या श्रद्धेचा आधार पाप आणि क्षमा यांच्या अनुभवात होता. म्हणून काळाच्या या फेऱ्यातून तिच्यापुरता मार्ग निघू शकत होता.

पुढे या भागात शास्त्राचा मिशनशी संबंध एका वेगळ्या रूपाने दृढ झाला. १८८९ मध्ये हिंदुस्थानात आलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रोगी तेथे पोचू शकत. बेळगाव, चिकोडी, निपाणी या बाजूच्या लोकांनाही ते जवळचे होते. १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना आणि त्यानंतर कसोशीने पाळलेली निर्जंतुकता, या दोहोंत वानलेस यांना विरोध दिसला नाही. रुग्णाने ख्रिस्त स्वीकारावा अशी मिशनची इच्छा असे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण डोळ्यावरचा मोतीबिंदू काढण्यासाठी धर्म बदलण्याची अट नव्हती.

खुद्द बेळगावात सरकारी लस संस्था देवीची लस तयार करू लागली, तीही विसाव्या शतकाच्या आरंभीच. मराठीने रोगालाही 'देवी' म्हटले आणि लस टोचण्यालाही 'देवी काढणे' म्हटले. ज्या घरात देवीची शांत केली जाई त्याच घरातील मुलाचा दंड टोचणाऱ्यापुढे धरला जाई. श्रद्धा कोणाचीही असो, १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ज्या शास्त्राचा वादात शस्त्र म्हणून उपयोग झाला ते उगारणाऱ्यावर उलटले. ज्याचा सेवेसाठी उपयोग झाला ते सर्वांचे झाले.

बाबा पदमनजी १९०६ मध्ये निवर्तले. त्यांचा 'अरुणोदय' ज्या १८८८ साली प्रकाशित झाला, त्याच साली गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारक' पत्र सुरू केले. एकाला नव्या विद्येच्या उजेडात ख्रिस्त दिसला. दुसऱ्याला कोणत्याही देवाची गरज भासली नाही. दोघांनीही आपल्या मताची किंमत स्वतःच्या संसारातून मोजली आणि दोघांनीही ते मत मराठीत, सर्वांना कळेल अशा रीतीने मांडले. १८४८ साली बेळगावात सार्वजनिक वाचनालय उघडले गेले तेव्हापासून या सीमाभागातील ग्रंथालयांनी अशा परस्परविरोधी पुस्तकांना एकाच छपराखाली जागा दिली आहे. वाद मिटवणे हे ग्रंथालयाचे काम नव्हे. वाचकाने दोन्ही बाजू प्रत्यक्ष वाचाव्यात आणि आपला निर्णय आपल्या जबाबदारीवर करावा, एवढी सोय ते करून देते. बेळगावच्या मिशन शाळेतील त्या मुलाने नेमके हेच केले होते.