पैसे गेल्यानंतरचा पहिला तास

वर्तमानपत्रात 'विकणे आहे' या सदराखाली दोन ओळींची छोटी जाहिरात देऊन जुने कपाट, शिवणयंत्र किंवा स्कूटर विकण्याची पद्धत शहरी मध्यमवर्गाच्या चांगली अंगवळणी पडलेली होती. गिऱ्हाईक घरी येई, वस्तू उलटसुलट करून पाही, घासाघीस होई आणि नोटा मोजून घेतल्याखेरीज वस्तू उंबरठ्याबाहेर पडत नसे. या व्यवहारात फसवणुकीला वाव नव्हता असे नव्हे. पण फसवणाऱ्याला निदान दारापर्यंत यावे लागे. २००० नंतर हा बाजार हळूहळू महाजालावर सरकला. भारतात आरंभी नावारूपाला आलेले 'बाझी' हे संकेतस्थळ २००४ मध्ये 'ईबे' या अमेरिकी कंपनीने विकत घेतले, पुढे मोफत जाहिराती छापणारी संकेतस्थळे आली आणि २०१६ मध्ये 'यूपीआय' ही तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था सुरू झाली. आता गिऱ्हाइकाने घरी येण्याची, किंबहुना तोंड दाखवण्याचीही गरज उरली नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारातील आजची ठकबाजी याच मोकळ्या जागेत वाढलेली आहे.

तिची रीत बऱ्याच अंशी ठरलेली असते. जाहिरात झळकल्यावर थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारा आपण लष्करात किंवा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात असल्याचे सांगतो. नुकतीच बदली झाली आहे, कुटुंब नव्या गावी यायचे आहे, सामानाची निकड आहे. ओळखपत्राचे, कॅन्टीनच्या कार्डाचे, क्वचित गणवेशातले छायाचित्रही तो आपणहून धाडतो. ही कागदपत्रे बनावट असतात, किंवा भलत्याच कुणाची तरी असतात. सैनिकाविषयी समाजाच्या मनात जो आदर आहे, त्याचे भांडवल ठकाने येथे बिनव्याजी वापरलेले असते. शिवाय किमतीबाबत तो हुज्जत घालत नाही. जुन्या सोफ्याचे बारा हजार मागितले तर बारा हजार कबूल. (जुन्या वस्तूचा सांगितलेला भाव गिऱ्हाईक निमूटपणे मान्य करते, इथेच खरे तर शंका यायला हवी.)

मग 'टेम्पो संध्याकाळी येईल, पैसे आत्ताच देऊन टाकतो' असे सांगून तो क्यूआर कोड पाठवतो. 'आधी पाच रुपयांचा प्रयोग करून बघा', असे सुचवतो. पाच रुपये जातात आणि दहा परत येतात. विश्वास बसतो. पुढचा कोड बारा हजारांचा असतो. तो स्कॅन करून गुप्त संकेतांक टाकला की बारा हजार जमा होण्याऐवजी खात्यातून वजा होतात. पलीकडचा माणूस गडबडून जात नाही. 'नोंद उलटी झाली, आमच्या खात्याची पद्धत निराळी आहे, तेवढीच रक्कम आणखी एकदा पाठवा म्हणजे दोन्ही एकदम परत येतील', असे तो शांतपणे समजावतो. या क्षणापासून समोरची व्यक्ती सोफा विकत नसते. गेलेले बारा हजार सोडवीत असते. बुडत्याचा पाय खोलात, या म्हणीचा इतका तंतोतंत अनुभव दुसरीकडे क्वचितच यावा. दुसरी रक्कम पहिलीसाठी जाते, तिसरी दुसरीसाठी. या साऱ्या वेळात फोन बंद करू दिला जात नाही, कारण तो बंद झाला तर घरातल्या कुणाला तरी विचारले जाईल.

खरेदी करू पाहणाऱ्याला गाठण्याची तऱ्हा याच्या उलट. बदली झालेल्या जवानाची जवळजवळ नवी दुचाकी निम्म्या भावात दिसते. आधी नोंदणीची रक्कम, मग वाहतुकीची, मग 'गेट पास'ची, मग विम्याची, आणि प्रत्येक रक्कम 'परत मिळणारी'.

शिकलीसवरलेली माणसे यात कशी सापडतात, असा प्रश्न फसवणुकीच्या प्रत्येक बातमीनंतर विचारला जातो. तो विचारणाऱ्यांनी स्वतःच्या बोटांकडे एकदा पाहावे. भाजीवाल्यापाशी, रिक्षात, औषधाच्या दुकानात कोड स्कॅन करून संकेतांक टाकला की व्यवहार 'पूर्ण' होतो, ही सवय अनेकांना जडलेली आहे. त्यांतील बहुतेकांनी हजारदा पैसे दिलेले असतात. अनोळखी माणसाकडून घेण्याचा प्रसंग मात्र क्वचितच आलेला असतो. यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी काहीही करावे लागत नाही, ना कोड स्कॅन करावा लागत, ना संकेतांक टाकावा लागत. संकेतांक लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. हे वाक्य समजायला सोपे आहे. पण फोनवर कुणी तरी घाई करीत असताना आठवायला ते कठीण जाते. याच घाईचा फायदा घेत पूर्वी पैसे 'मागण्याची' विनंती पाठवूनही लुबाडले जाई. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने व्यक्ती-व्यक्तींमधील अशा विनंत्यांची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, हे योग्यच झाले. कोडचा रस्ता मात्र उघडा आहे.

पैसे गेल्याचे ध्यानी आल्यावर ते कोठे असतात, हे समजून घेणे उपयोगाचे. ते थेट ठकाच्या खात्यात बहुधा जात नाहीत. थोड्या पैशांच्या लोभाने कुणी तरी भाड्याने दिलेल्या खात्यात ते जमा होतात, तेथून दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत फिरतात आणि अखेर एटीएममधून रोख काढले जातात किंवा खरेदीत मुरतात. या प्रवासाला कधी काही मिनिटे लागतात, कधी काही तास. तेवढाच अवधी हाती असतो. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक त्यासाठीच आहे. २०२१ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा तिचा क्रमांक १५५२६० होता. नंतर तो बदलण्यात आला. फोन घेणारा कर्मचारी व्यवहाराचा तपशील केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संगणकीय यंत्रणेत भरतो, तो संबंधित बँकेकडे जातो आणि रक्कम तेथे शिल्लक असेल तर गोठवली जाते. ती पुढे सरकली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. चोरामागे धावण्याऐवजी पैशांमागे धावणारी ही व्यवस्था आहे. फोन करताना व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, ज्या खात्यात पैसे गेले त्याची ओळख आणि ठकाचा मोबाइल क्रमांक जवळ असावा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर रीतसर तक्रार नोंदवून पोच क्रमांक जपून ठेवावा. संतापाच्या भरात ठकाशी झालेले संभाषण पुसून टाकण्याची ऊर्मी अनेकांना होते. तोच पुरावा असतो.

बँकेलाही त्याच तासात कळवले पाहिजे, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेतला पाहिजे. येथे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला भेद कळीचा ठरतो. ग्राहकाने न केलेला व्यवहार खात्यातून झाला, त्यात ग्राहकाची वा बँकेची चूक नाही आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले, तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. कोड आपणच स्कॅन केला, संकेतांक आपणच टाकला, या कारणावरून बँका अशा तक्रारी दुसऱ्या कप्प्यात टाकतात. नियम कागदावर न्याय्य दिसतो, पण निष्काळजीपणा आणि कसून रचलेला बनाव यांत फरक आहे, हे त्यात पुरते उमटलेले नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. संशयास्पद खात्याविषयी सूचना मिळूनही बँकेने हालचाल केली नाही, हा मुद्दा तेथे 'माझे पैसे गेले' या मुद्द्यापेक्षा जड ठरू शकतो.

पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, तोतयेगिरीसाठी ३१९ आणि संगणकीय साधनाने तोतयेगिरी केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड ही कलमे सर्वसाधारणपणे लागू होतात. या शेवटच्या कायद्याखालील तपास निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, हेही रेंगाळणाऱ्या तपासांचे एक कारण असते.

एवढी व्यवस्था असूनही पहिला तास वाया जातो, आणि तो बहुतेक वेळा लाजेपायी. फसलेला माणूस प्रथम खात्यातली शिल्लक पुन्हापुन्हा पाहतो, मग ठकालाच फोन लावत राहतो, मग घरात कुणाला कसे सांगावे या विचारात संध्याकाळ करतो. निवृत्त वडील मुलांना सांगत नाहीत, कारण 'बाबा, तुम्ही मोबाइलवरून काही करू नका' हे उत्तर ठाऊक असते. नवरा-बायको एकमेकांपासून लपवतात. चोरी झाली तर शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. फसवणूक झाली तर हसू येईल, अशी धास्ती असते. मराठीत 'तो फसला' असे आपण सहज म्हणतो आणि फसवणारा वाक्यातूनच नाहीसा होतो. घरच्यांनी अशा वेळी 'कळत कसे नाही' हा प्रश्न निदान त्या दिवसापुरता गिळावा आणि १९३० ला फोन लावून द्यावा.

पुढचे काही आठवडे झोप उडणे, तेच संभाषण मनात घोळत राहणे, प्रत्येक अनोळखी फोनला दचकणे हे अनेकांच्या वाट्याला येते. ज्याचा पगार किंवा शस्त्रक्रियेसाठी राखलेली पुंजी गेली, त्याच्यासाठी हा केवळ मनस्ताप नसतो. 'टेली मानस' ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते. याच काळात गेलेली रक्कम झटपट भरून काढण्यासाठी शेअर बाजाराच्या 'हमखास' टिपा किंवा घरबसल्या कमाईच्या जाहिराती यांच्याकडे मन ओढ घेते. पैशांचे मोठे निर्णय थोडे लांबणीवर टाकलेले बरे.

ठकही ही मनःस्थिती ओळखून असतात. एकदा लुबाडलेल्याला काही दिवसांनी दुसरा फोन येतो. कुणी स्वतःला सायबर पोलीस म्हणवतो, कुणी वकील, कुणी बँकेच्या वसुली विभागातला. 'तुमची रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी अमुक शुल्क भरा.' शोधयंत्रावर बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक शोधताना बनावट क्रमांक गळ्यात पडण्याचा प्रकारही याच जातीचा. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर पाहून घ्यावा. पोलीस, मदत क्रमांक किंवा लोकपाल यांपैकी कुणीही रक्कम परत मिळवून देण्यासाठी पैसे मागत नाही.

गोठवलेली रक्कम आपोआप खात्यात परतत नाही. पोलिसांच्या अहवालासह नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागू शकतो आणि तसा आदेश झाल्यावर बँक पैसे वळते करते. अनेकांचे पैसे एकाच खात्यात जमा झालेले असतील तर कुणाचे किती, हा हिशेब आधी लागावा लागतो. त्यामुळे तक्रारीची प्रत, पोच क्रमांक, खातेउतारा आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावा. तपास अधिकारी बदलला, की तीच फाइल नव्या अधिकाऱ्यापुढे ठेवावी लागते.