मत्स्यपेटीचा तळ
घरच्या मत्स्यपेटीत तळाशी वावरणाऱ्या माशाच्या मिशा झिजल्या, त्याचे कल्ले जलद चालू लागले किंवा तो एखाद्या कोपऱ्यात निपचित पडून राहिला, की बहुतेक गृहस्थ तत्काळ औषधाची तजवीज करतात. परंतु या छंदाच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाचे दप्तर चाळले असता, अशा व्याधीचे मूळ माशाच्या देहात शोधण्यापूर्वी तो ज्यावर राहतो त्या वाळूत शोधावे, असाच कौल मिळतो.

ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ साली उठला. पुढे काही वर्षांतच लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १२ गॅलनांच्या काचपात्रात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवून, बंदिस्त पाण्यात प्राणी व वनस्पती परस्परांना कसे जगवतात याचा शोध आरंभिला. काही दिवसांनी वनस्पतीची जीर्ण पाने कुजून पाणी गढुळले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी ती पाने फस्त केली, पाणी निवळले, आणि १८५० साली हा वृत्तांत केमिकल सोसायटीपुढे रुजू झाला.

हा प्रयोग थोर खराच. परंतु तळाची सफाई एखाद्या जीवावर सोपवली की धन्याचे कर्तव्य संपले, या पुढे बळावलेल्या समजुतीला त्यात जणू आधार सापडला. निरनिराळ्या जातींचे मासे एकाच पेटीत नांदवण्याची रीत रूढ झाल्यावर हे झाडलोटीचे काम दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरास माशांच्या माथी आले. डार्विन यांनी बीगल जहाजाच्या सफरीत जमवलेल्या नमुन्यांवरून जेनिन्स यांनी १८४२ साली ज्याचे वर्णन केले आणि पॅरिसमध्ये कार्बोनिए यांनी १८७८ साली ज्याची पैदास केली, तो ठिपकेदार कोरिडोरास वस्तुतः वाळू उकरून कीटक व अळ्या टिपणारा प्राणी आहे. विष्ठा हे त्याचे अन्न नव्हे. वरच्या माशांच्या उष्ट्यावर त्याचा निर्वाह होईल, असे मानणाऱ्यांच्या पेटीत तो उपाशी राहतो, आणि सडक्या गाळात सतत खुपसाव्या लागल्याने त्याच्या संवेदनशील मिशा जखमी होऊन झिजतात.

तळात नेमके काय घडते, याचा उलगडाही पॅरिसमध्येच, कार्बोनिए यांच्या यशाच्या एक वर्ष आधी झाला होता. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी सांडपाणी वाळू भरलेल्या नळीतून संथपणे झिरपू दिले. सुमारे २० दिवस काहीच बदल दिसला नाही. त्यानंतर मात्र अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट उतरू लागले, आणि क्लोरोफॉर्मची वाफ देताच ती क्रिया थांबली. हे कार्य सजीवांचे आहे हे त्यावरून सिद्ध झाले, व पुढे विनोग्राड्स्की यांनी ते जंतू वेगळे करून दाखविले. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत मासे का दगावतात, याचे मुख्य कारण या प्रयोगात आहे: अमोनिया व नायट्राइट या विषांचे निवारण करणारी जंतूंची वस्ती तोवर वसलेलीच नसते.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे १८७६ साली फूके यांनी वर्णन केलेले परजीवीही तळाशीच संबंधित निघाले. पक्व झालेला परजीवी माशाच्या त्वचेतून गळून तळाशी बसतो, कोश करून शेकडो पिल्लांत विभागतो, आणि औषध लागू पडते ते प्रामुख्याने ही पिल्ले पाण्यात मोकळी पोहत असताना. म्हणून उपचार सुरू असतानाही गाळ नळीने ओढून काढणे अगत्याचे असते.

या साऱ्यावरून तपासाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम अमोनिया व नायट्राइट मोजावे. ते शून्य नसल्यास क्लोरीन घालविलेल्या, समान तापमानाच्या पाण्याने अंशतः पालट करावा. मग वाळूची धार, साचलेला गाळ आणि बुडणारे अन्न तळापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहावे. कोरिडोरास अधूनमधून पृष्ठभागी येऊन हवा गिळतो, ती आतड्याने श्वसन करण्याची त्याची स्वाभाविक रीत आहे. त्याच्या फेऱ्या एकाएकी वाढल्या तर मात्र पाण्यातील प्राणवायू घटल्याचा संशय घ्यावा. औषधाचा विचार या सर्वांनंतर करावा. कारण मेथिलीन ब्लूसारखी द्रव्ये मुख्य पेटीत ओतल्यास पाणी शुद्ध करणारे जंतूही मरतात, आणि एका माशाच्या इलाजापायी साऱ्या पेटीवर विषबाधेचे संकट ओढवते. मुक्या जीवाला आपण नदीतून काचेत आणले आहे. तेव्हा नदी जे आपल्या प्रवाहाने करीत होती, ते काम नित्यनेमाने करण्याचे दायित्वही आपलेच आहे.