टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर : सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्म आणि पंचवटीचा दाखला

ज्या व्यवस्थेच्या आधारावर इतरांची सॉफ्टवेअर चालतात तिला प्लॅटफॉर्म म्हणतात. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय हे रोजच्या वापरातले उदाहरण : बँका वेगळ्या, अ‍ॅप वेगळी, पण पैसे वळते करण्याची रीत एक. अशा व्यवस्थेत काय असावे, काय नसावे आणि ती अडखळली तर तिने कसे वागावे, हे ठरवणारा माणूस म्हणजे टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर. एका उत्पादनाची पूर्ण जबाबदारी एका माणसाकडे असावी, हा विचार प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय यांनी १९३१ साली मांडला, तो साबणाच्या विक्रीसाठी. सॉफ्टवेअरने तो उचलला फार नंतर. या पदाची वाट सहसा पदव्यांच्या हिशेबात सांगितली जाते : आधी अभियांत्रिकी, मग काही वर्षे कोडिंग, जमल्यास एमबीए. पण पदव्यांनी फार तर मुलाखतीपर्यंत पोहोचता येते. एखादा आकडा कोणासाठी, किती वेळ आणि कितपत चुकीसह खरा धरायचा, हे ठरवता येऊ लागले की हा माणूस खऱ्या अर्थाने घडतो.

नाशिकमध्ये गोदावरीकाठच्या पंचवटीत हे स्पष्ट दिसते. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ जणांचा जीव गेला. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या तयारीत एमआयटी मीडिया लॅबमधील संशोधक, मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ ही चळवळ उभी राहिली. तिच्यातून आलेले एक काम म्हणजे ‘अशिओतो’. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने वाटेवर अंथरायची, पावलांचा दाब ओळखणारी चटई केली. तिच्यावरून किती माणसे गेली याची मोजणी पुढे कळत राही.

चटई बनवणे हे अभियंत्याचे काम; प्रॉडक्ट मॅनेजरचे काम तिथून सुरू होते. पंचवटीतल्या रामकुंडासारख्या स्नानाच्या घाटावर बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याला ‘आतापर्यंत किती आले’ यापेक्षा ‘या क्षणी आत किती आहेत’ हे हवे असते. म्हणजे आत गेलेल्यांतून बाहेर पडलेले वजा करायचे. पण एक लाख माणसे येऊन गेली आणि बाहेरच्या वाटेवरची मोजणी शंभरात एक पाऊल चुकवत असेल, तर घाट रिकामा असताना पडद्यावर हजार माणसे उभी राहतात. ही चूक दर तासाला साचत जाते, म्हणून आकडा कधी शून्यावर आणायचा, हे कोणीतरी आधीच ठरवावे लागते. गर्दीत मोबाइलचे जाळे तुंबते. यंत्राने मोजणी जवळ साठवून नंतर पाठवली, तर दहा मिनिटांपूर्वीची गर्दी आत्ताची म्हणून दिसेल. मग प्रत्येक आकड्यासोबत तो कधीचा आहे हे लिहायचे, की जुना झाल्यावर तो पुसूनच टाकायचा? माझ्या मते पुसलेला बरा : कोरी जागा दिसली की अधिकारी वायरलेसवर विचारतो, शिळा आकडा दिसला की विश्वास ठेवतो.

यावर आक्षेप येतो की हे एका जत्रेचे यंत्र झाले. प्लॅटफॉर्मचे ग्राहक भाविक नसून दुसरे प्रोग्रामर असतात. खरे आहे, आणि म्हणूनच जबाबदारी वाढते. तीच मोजणी पोलीस, महापालिका आणि रुग्णवाहिका आपापल्या अ‍ॅपमध्ये घेऊ लागले, तर ‘आत’ या शब्दाचा अर्थ तिघांसाठी एकच राहिला पाहिजे, आणि तो वाटेल तेव्हा बदलता येत नाही. यूपीआयतही हेच. घाटावर फुलांच्या पुड्यांचे पैसे खात्यातून गेले, पण पैसे आल्याचे बोलून सांगणारा विक्रेत्याचा डबा बोललाच नाही, तर व्यवहार फसला म्हणायचा की अडकला? ‘फसला’ म्हटले तर गिऱ्हाईक पुन्हा पैसे देते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा प्रसंगांना मुदत घातली : विक्रेत्याकडे न पोहोचलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. ही मुदत सॉफ्टवेअरच्या कोणत्या अवस्थेत कशी बसवायची, हे कोड वाचता न येणाऱ्याला ठरवता येणार नाही.

म्हणून ‘कोडिंग कशाला हवे’ हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. रोज कोड लिहिण्याची गरज नाही. पण संदेश दोनदा आला तर काय होते, रांग कुठे तुंबते, घड्याळे जुळली नाहीत तर क्रम कसा उलटतो, हे अभियंत्याच्या शेजारी बसून तपासण्याइतके यायलाच हवे. मोठ्या कंपन्यांत एकेकाच्या वाट्याला या कामाचा छोटा तुकडा येतो हेही खरे, तरी तो तुकडा याच जातीचा असतो. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे. नाशिकमधल्या शिकाऊ तरुणाने तोवर रामकुंडाच्या एका वाटेवर उभे राहून पानभर मजकूर लिहावा : काय मोजायचे, काय नाही, आकडा कोणाला, किती वेळात, आणि मोजणी बंद पडली तर पडद्यावर काय दिसावे. मग ते पान दोघांना द्यावे, एक प्रोग्रामर आणि एक बंदोबस्तावरचा हवालदार. दोघांनी त्यातून एकच अर्थ काढेपर्यंत ते पुन्हा लिहावे.