सिल्वासाची सनद आणि घराचे खरेदीखत

घर विकत घेऊ पाहणारा मनुष्य प्रथम पाणी पाहतो, मग वारा आणि उजेड, मग शेजार. कागद मात्र बहुधा सर्वांत शेवटी. तोही खरेदीखतापुरताच. त्यावर मुद्रांक आहे, दुय्यम निबंधकाचा शिक्का आहे, विकणाऱ्याची सही आहे, एवढ्याने त्याचे समाधान होते. परंतु विकणाऱ्याजवळ मुळात विकण्याजोगे काय होते, हा प्रश्न शिक्क्याने सुटत नाही. नोंदणीमुळे अमुक दोघांत अमुक व्यवहार झाला हे सिद्ध होते. विकणारा खरोखरीचा मालक होता अशी हमी निबंधक देत नसतो. आणि जे आपल्याजवळ नाही ते दुसऱ्यास देता येत नाही, हे तत्त्व तर वकिलाची पायरी न चढलेल्यासही ठाऊक असते.

श्रोते हो, हा साधा प्रश्न एकदा एका घराविषयी किंवा शेताविषयी नव्हे, तर एका संपूर्ण मुलखाविषयी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी न्यायमूर्तींना पेशव्यांच्या काळचे कागद वाचावे लागले होते. तो मुलूख म्हणजे दादरा आणि नगर हवेली. दमणगंगेच्या काठचे सिल्वासा हे त्याचे मुख्य ठिकाण.

मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्यास १७७९ च्या डिसेंबरात तह झाला. पोर्तुगीजांची मैत्री टिकावी म्हणून पेशव्यांनी त्यांना दमणनजीकच्या गावांतून वर्षाला बारा हजार रुपयांचे उत्पन्न लावून देण्याचे कबूल केले, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती गावे पोर्तुगीजांकडे गेली. पुढे पावणेदोनशे वर्षे जगाने असेच मानले की, हा मुलूख पेशव्यांनी पोर्तुगालला देऊन टाकला.

१९५४ साली चित्र पालटले. जुलैत दादरा आणि नंतर नरोली स्वतंत्र झाली, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. दमणहून या मुलखात जाण्याची वाट भारताने आधीच बंद केली होती. त्या वाटेवर आपला हक्क आहे, असे सांगत पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेग येथे दावा लावला. वाटेच्या हक्काचा हा दावा. खेड्यात दोन भाऊबंद बांधावरून भांडतात त्याच जातीचा, फक्त वादी-प्रतिवादी दोन राष्ट्रे! आणि अशा दाव्यात पहिला प्रश्न जो निघतो तोच निघाला: पलीकडची जमीन तुमची कशी, कागद दाखवा.

कागद दाखवले गेले. तहाच्या निरनिराळ्या प्रती निघाल्या, त्यांतील शब्द एकमेकांशी जुळेनात. न्यायालयाने विचारले ते असे: या लेखांनी राज्य दिले, की राज्यातील काही गावांचे उत्पन्न दिले? मराठी वाचकास हा भेद नवा नाही. सरंजाम म्हणजे गावाचा वसूल उपभोगण्याचा अधिकार. देणाऱ्याचे धनीपण त्याने संपत नाही. सरंजाम पिढ्यान्पिढ्या चालला तरी सरंजामच राहतो. मराठ्यांना सार्वभौमत्वच द्यावयाचे असे तेव्हा ते त्यासाठी निराळे आणि पुरेसे स्पष्ट शब्द वापरीत. ते या लेखांत आढळले नाहीत. उलट, गावांत बंड झाल्यास ते मोडण्याचा अधिकार पोर्तुगीजांना मुद्दाम दिलेला होता. जो स्वतःच राजा आहे त्याला असा अधिकार दुसऱ्याकडून कशाला घ्यावा लागेल? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, १७७९ चा तह आणि नंतरच्या सनदा यांनी पोर्तुगीजांना जहागीर किंवा सरंजामच मिळाला, सार्वभौमत्व नव्हे.

निकाल एवढ्यावरच थांबला असता तर आपल्याला तो फार आवडला असता. पण तेथेच पुढे असेही म्हटले आहे की, १८१८ नंतर इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य केली आणि नंतर भारतानेही ती मुकाट्याने मान्य केली. म्हणजे कागदाने जे दिले नव्हते ते दीर्घ वहिवाटीने आणि इतरांच्या मौनाने मिळाले. शेवटी खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला, फौजेचा नाकारला गेला, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असे ठरले.

मौनाची ही किंमत घरमालकालाही चुकत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याने विरोधी कब्जा घेतल्यावर खाजगी मालक १२ वर्षे स्वस्थ बसला तर त्याचा दावा बुडतो. सरकारला ३० वर्षांची मुभा आहे. म्हणून कागद निर्दोष असला तरी जागेवर जाऊन तेथे कोण राहते, कोण पेरतो, हे पाहिल्यावाचून विसार देऊ नये.

पेशवे गेले, तरी सिल्वासाच्या जमिनीला अटींच्या कागदाची सवय राहिलीच. पोर्तुगीज सरकारने १९१९ च्या शेतजमिनीच्या कायद्याखाली मोठमोठे तुकडे ‘अल्वारा’ नावाच्या परवान्यांनी दिले. घेणाऱ्याने फाळा भरावा आणि जमीन लागवडीखाली आणावी, हा त्यातील करार होता. पुष्कळदा परवाना एकाच्या नावे आणि नांगर वारली किंवा कोकणा कुटुंबाच्या हाती, असा प्रकार असे. ज्याच्या घामाने ती जमीन पिकली त्याच्या घरात कागदाचा कपटाही नव्हता.

११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारतात सामील झाला. मग १९७१ चा जमीनसुधारणेचा विनियम आला आणि १ मे १९७४ पासून तो अमलात आला. कसणाऱ्यास भोगवट्याचा हक्क देण्याची त्याची दिशा होती. त्याच सुमारास, लागवडीची अट पाळली नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी काही अल्वारे रद्द केले. परवानाधारक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांपासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत तो वाद चालला. उच्च न्यायालयाने २००५ साली प्रशासनाचा निर्णय उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. एकावन्न वर्षे! दाव्याच्या आरंभी जन्मलेले मूल निकालाच्या वेळी पन्नाशी ओलांडून गेले होते. प्रश्न मात्र सनदेचाच होता: जमीन मिळाली होती, की अटीवर वापरण्यास मिळाली होती?

आज सिल्वासात शेतांच्या जागी कारखाने आणि सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत, आणि २०२० पासून हा प्रदेश दमण व दीव यांच्याशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. सदनिका घेणाऱ्यास सल्ला मिळतो तो ३० वर्षांचा शोध घेण्याचा. सल्ला चांगला आहे. परंतु आजपासून ३० वर्षे मागे गेल्यास १९९० च्या दशकाच्या मध्यावर पोहोचतो, आणि येथील जमिनीची मुख्य उलथापालथ तर १९७४ ची आहे. म्हणून हिशेब तेथपर्यंत नेला पाहिजे. जमीन कोणाला कोणत्या हक्काने मिळाली? ती भोगवट्याची असल्यास विक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत होती काय, आणि घेतली होती काय? आदिवासी कुटुंबाच्या नावे होती काय? बिनशेतीचा आदेश कोणत्या क्षेत्रापुरता आणि कोणत्या अटींवर निघाला? फेरफाराची नोंद हे महसुलाचे काम आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हेही ध्यानी असावे.

काही विक्रेते मुखत्यारपत्र आणि साठेखत पुढे करून ‘खरेदीखताची गरजच काय’ असे विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे की, अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेसाठी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकास मनाई केली आहे. त्याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की, जमिनीच्या मालकीतच दोष निघून खरेदीदाराचे नुकसान झाले तर भरपाईच्या मागणीला मुदतीची आडकाठी येत नाही. ज्या गावातील मालकीचा एक दोष एकावन्न वर्षे न्यायालयात तुंबून राहिला, तेथील खरेदीदाराने हे कलम वकिलाकडून एकवार नीट समजून घ्यावे, आणि मगच रक्कम मोजावी.